वाट कोणती? मराठी ख्रिस्ती साक्षीचा इतिहास

योहानाच्या शुभवर्तमानातील चौदाव्या अध्यायात थोमा नावाचा शिष्य येशूला मध्येच थांबवतो. आपण कुठे चालला आहात हेच आम्हाला ठाऊक नाही, मग वाट कशी कळणार, असा त्याचा सवाल आहे. येशू त्याला दिशा किंवा खाणाखुणा सांगत नाही. वाट म्हणजे आपण स्वतः, एवढेच सांगतो. हा प्रश्न येशूच्या अटकेच्या रात्री, जेवणाच्या पंगतीत बसलेल्या शिष्याने विचारलेला आहे. मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातही हा प्रश्न पुन्हा पुन्हा उठला, आणि तो सर्वांत तीव्रतेने आधीच बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांनी विचारला. त्याची नोंद ‘साक्ष’ या प्रथेत सापडते. देवाने आपल्याला कसे वळवले हे मंडळीसमोर उभे राहून सांगायचे किंवा लिहून ठेवायचे, अशी ही प्रथा. एकोणिसाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट मिशनांबरोबर ती महाराष्ट्रात रुजली आणि तिने मराठीला काही थोर आत्मकथने दिली.

मराठीतील ख्रिस्ती विचार मात्र त्याहून दोनशे वर्षांनी जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि साष्टीत राहून इथली भाषा शिकला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या मुळाशीच एक अडचण आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे बंद झाली होती आणि त्यांच्या जागी ऐकायला काहीच उरले नव्हते. ग्रंथात श्रोता ती अडचण पाद्रीगुरूपुढे मांडतो, शंका विचारतो आणि गुरू कथेच्या ओघात उत्तरे देतो. पण ही शंका गुरूने योजलेली आहे. तिचे उत्तर आधीच तयार आहे. साष्टीतल्या त्या पहिल्या पिढीला स्वतःच्या शब्दांत काय वाटत होते, हे त्यातून कळत नाही. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषांविरुद्ध फर्मान काढले आणि गोव्यातला हा प्रवाह क्षीण झाला.

ब्रिटिश अमलात चित्र पालटले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले. १८२६ पर्यंत मराठी नवा करार छापून तयार झाला. १८२९ मध्ये जॉन विल्सन हा स्कॉटिश मिशनरी मुंबईत दाखल झाला, १८३१ मध्ये अहमदनगरचे मिशन सुरू झाले आणि १८४२ मध्ये तिथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. या काळाची खूण म्हणजे जाहीर वाद. विल्सनच्या प्रतिपादनाला हिंदू धर्माच्या बाजूने मोरभट दांडेकरांनी १८३१ मध्ये उत्तर दिले. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर वादसभा भरल्या आणि त्या ऐकायला मोठी गर्दी लोटत असे. त्यांचा वृत्तांत जॉर्ज बोवेन या मिशनऱ्याने त्याच वर्षी प्रसिद्ध केला. दोन्ही बाजूंची विद्वत्ता आणि तळमळ खरी होती. तरीही या सभांतून कोणाला देवाची वाट सापडली, असे फारसे दिसत नाही. समोरच्याचे खंडन झाले म्हणजे आपले मंडन झाले, अशी वादाची रीत होती. आणि ज्याला खरोखर जाणून घ्यायचे होते, तो सभा संपल्यावर आपले कोडे तसेच घेऊन घरी परतत होता.

बाबा पदमनजी हे अशा कोड्याचे पहिले तपशीलवार मराठी चित्र. त्यांचा जन्म १८३१ मध्ये बेळगावात, कासार कुटुंबात झाला. घरचे वातावरण व्रतवैकल्यांचे आणि पोथीवाचनाचे होते. मिशनच्या शाळेत बायबल कानावर पडले, मुंबईत आल्यावर नव्या सुधारक मंडळींचा सहवास घडला आणि ते परमहंस सभेत गेले. जातिभेद मोडायचा, एका ईश्वराला मानायचे, पण हे सारे गुप्त ठेवायचे, असा त्या सभेचा बाणा होता. मूर्तिपूजेवरचा विश्वास उडालेला, घरच्या धर्मात मन रमत नाही, ख्रिस्ती मत पटते आहे आणि बाप्तिस्म्याचे धैर्य मात्र होत नाही, अशा अवस्थेत त्यांचा बराच काळ गेला. या मधल्या अवस्थेत परमहंस सभा त्यांना सोयीची वाटली होती. पण बुद्धीने जुळवलेल्या धर्माला ईश्वराच्या स्वतःच्या शब्दाचा आधार नसेल तर मरणाच्या वेळी त्याचा भरवसा कसा धरायचा, हा प्रश्न त्यांना सोडीना. १८५४ मध्ये बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही हकीकत त्यांनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात सांगितली. ते १८८८ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे घटनेनंतर तीस-पस्तीस वर्षांनी. त्यामुळे त्यात पुढच्या निश्चयाचा प्रकाश मागच्या अंधारावर पडलेला आहे. पुस्तकाचे नावही तेच सुचवते. तरी पदमनजी लहानपणीच्या भक्तीची थट्टा करत नाहीत. घरातले उपास, कथा, देवदर्शन ते जिव्हाळ्याने सांगतात. त्याच हाताने त्यांनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिले आणि विधवांच्या दुःखाला मराठी कादंबरीत जागा दिली. पुढे ते पाळक झाले, नव्या करारावर टीका लिहिली, कोशरचना केली. १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले. आपण योग्य वाटेवर आहोत याबद्दल त्यांना बाप्तिस्म्यानंतर मोठी शंका आल्याचे दिसत नाही. या बाबतीत ते पुढच्या तिघांहून वेगळे ठरतात.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचे तसे नव्हते. झाशीजवळच्या एका गावी १८२५ मध्ये चित्पावन कुटुंबात त्यांचा जन्म झाला आणि काशीत ते वाढले. न्याय आणि व्याकरणात ते तयार होते. जॉन म्यूर याने संस्कृतात लिहिलेल्या ‘मतपरीक्षा’ या ख्रिस्तमतप्रतिपादक ग्रंथाचे खंडन त्यांनी अगदी तरुण वयात, संस्कृतातच, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून केले. विल्यम स्मिथ या मिशनऱ्याकडे ते प्रथम गेले तेही त्याला वादात हरवण्यासाठी. वाद करता करता ते बायबल वाचू लागले, आणि डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. घरच्यांचा विरोध लक्षात घेऊन बाप्तिस्मा काशीबाहेर, जौनपूरला, १८४८ मध्ये झाला. नेहेम्या हे नाव त्यांनी घेतले. १८६० मध्ये त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ लिहून सहाही दर्शनांची तपासणी केली.

नैयायिकाची सवय धर्म बदलला म्हणून सुटत नाही. सहा दर्शनांना लावलेली कसोटी गोऱ्हे यांनी नव्या श्रद्धेलाही लावली. प्रमाण काय, हा त्यांचा पहिला आणि शेवटचा प्रश्न. पापी माणसाला अनंत काळ शिक्षा हा सिद्धांत आणि ईश्वराचे प्रेम यांचा मेळ कसा घालायचा, याने त्यांना वर्षानुवर्षे छळले. पवित्र शास्त्राचा अर्थ ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हाही तसाच प्रश्न. एकच वचन दोन प्रामाणिक माणसे दोन तऱ्हांनी वाचत असतील, तर साध्या भाविकाने कोणाचे ऐकायचे? या शोधात ते इव्हँजेलिकल मिशनपासून दूर होत अँग्लिकन पंथाच्या कॅथलिक परंपरेकडे झुकले. आद्य शतकांपासून चालत आलेल्या मंडळीच्या एकमुखी शिकवणीत त्यांना आधार दिसला. १८७० मध्ये कोलकात्यात त्यांना याजकपदाची दीक्षा मिळाली. पुढे काउली फादर्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संघाशी ते जोडले गेले आणि पुण्यात पंचहौदाच्या मिशनमध्ये त्यांचे वास्तव्य झाले. तरीही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही. त्यांची पत्रे आणि त्यांना ओळखणाऱ्यांच्या आठवणी यांतून दिसणारा माणूस कमालीचा विरक्त आणि नम्र आहे, आणि स्वतःच्या निष्कर्षांची पुन्हा पुन्हा झडती घेणारा आहे.

त्यांचा एक विचार आजही मोलाचा आहे. हिंदू दर्शनांवर त्यांनी कठोर टीका केली, पण अनन्य भक्ती, वैराग्य, नम्रता आणि क्षमा यांची ओढ या देशातल्या माणसांच्या मनात ईश्वरानेच पेरली असून ती ख्रिस्ताकडे नेणारी पूर्वतयारी आहे, असे त्यांनी मांडले. ज्या वाटेने आपण आलो ती सारी चुकीची होती, असे म्हणणे त्यांच्या बुद्धीला सोपे गेले असते. ते त्यांनी टाळले. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हा प्रश्न सर्वांत जास्त कोनांतून येतो. १८५८ मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी मुलीला संस्कृत शिकवले आणि तीर्थे फिरत, पुराणे सांगत हे कुटुंब देशभर हिंडले. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. तीर्थस्नाने, दानधर्म, अनुष्ठाने सर्व करून झाले होते. देव प्रसन्न होईल या आशेवर घरातले उरलेसुरले दानात गेले आणि उपासमार पदरी आली. १८७८ मध्ये रमाबाई भावाबरोबर कोलकात्यात पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या, पण तोवर जुन्या श्रद्धेचा पाया ढासळला होता. धर्मशास्त्रे वाचताना स्त्री आणि शूद्र यांना मोक्षाचा मार्ग जवळजवळ बंद आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. लग्नानंतर पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. पतीच्या निधनानंतर १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि पुढच्या वर्षी लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या.

धर्म बदलणार नाही, असे सांगून त्या निघाल्या होत्या. वाँटेज येथे सेंट मेरी संघाच्या भगिनींकडे त्या राहिल्या. त्या काळात भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातले आपले सेवाकार्य दाखवले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची तिथे शुश्रूषा चालत असे. अशा स्त्रियांना प्रायश्चित्त आणि बहिष्कारापलीकडे काही मिळू शकते, हे रमाबाईंनी प्रथमच पाहिले. कारण विचारल्यावर एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीचा प्रसंग वाचून दाखवला. खरी उपासना डोंगरावर की यरुशलेमात, हा त्या स्त्रीचा प्रश्न. आयुष्यभर तीर्थे तुडवलेल्या रमाबाईंना त्या प्रसंगाने हलवले असेल तर नवल नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यांच्याबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांचा त्याच सुमारास तिथे मृत्यू झाला होता. तो आघातही ताजा होता.

यानंतर जे घडले त्याची इंग्लंडमधल्या हितचिंतकांना कल्पना नव्हती. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाई एकेक प्रश्न उपस्थित करतात. त्रैक्याचा सिद्धांत शास्त्रात नेमका कुठे आहे? चर्चने घालून दिलेले श्रद्धासूत्र मान्य नसेल तर माणूस ख्रिस्ताचा राहत नाही काय? गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, ती संस्कृत का नकोत? चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुषांना शिकवावे की नाही यावर बिशपांनी आक्षेप घेतला, तेव्हा रमाबाईंचा स्वर आणखी ठाम झाला. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठी किंमत मोजून उतरवले, ते दुसऱ्याचे मानेवर घेण्यासाठी नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. सिस्टर जेराल्डीन यांना हा अहंकार वाटला. पत्रे आज वाचताना तो अहंकार वाटत नाही. देवाशी आपला संबंध खरा असावा, उसना नसावा, ही त्यामागची धडपड स्पष्ट दिसते.

या प्रश्नांमागचे आणखी एक कारण खुद्द ख्रिस्ती जगातच होते. रमाबाईंना अँग्लिकन पंथातले उच्च आणि निम्न गट भेटले, बॅप्टिस्ट भेटले, मेथडिस्ट भेटले, आणि १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्यावर आणखी अनेक. प्रत्येक जण आपली शिकवण शास्त्राला धरून असल्याचे सांगत होता. हिंदू मतमतांतरांच्या गर्दीतून बाहेर पडलेल्या बाईंना इथेही तशीच गर्दी दिसली, आणि त्यांनी पुढे आपल्या साक्षीत तिला बाबेलची उपमा दिली. या काळात नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनी त्यांना लिहिलेल्या दीर्घ पत्राचा त्यांना आधार झाला. ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाची प्रमाणे त्यात त्यांनी मांडली होती. स्वतः शंकांनी गांजलेल्या माणसाने दुसऱ्या शंकेखोराला लिहिलेले हे पत्र. त्याचे वजन मिशनरी पुस्तिकेहून निराळे असणारच.

बुद्धीचे समाधान झाले तरी रमाबाईंचे मन शांत झाले नव्हते. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाल्यावर त्यांच्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळालेला नाही. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचताना त्यांना ही जाणीव झाली. चर्चमध्ये दीक्षित याजक म्हणून काम करत असतानाच हॅस्लमला परिवर्तनाचा अनुभव आला होता. १८९१च्या सुमारास रमाबाईंनी आपल्या पात्रतेचा हिशेब सोडून दिला आणि स्वतःला सर्वस्वी ख्रिस्ताच्या हवाली केले. १९०७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या साक्षीचा कळस हा आहे. बाप्तिस्म्यापाशी गोष्ट संपवण्याची प्रथा त्यांनी मोडली. त्यांच्या कथनात बाप्तिस्मा वाटेच्या साधारण मध्यावर येतो.

या श्रद्धेची किंमत त्यांना व्यवहारात मोजावी लागली. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्या वर्षी पुण्यात हलवलेले शारदा सदन हे त्यांचे विधवांसाठीचे निवासी विद्यालय १८९३ मध्ये वादळात सापडले. मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात, हे कळल्यावर रानडे आणि भांडारकर हे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंनी प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार बंद करायचे नाकारले होते. दुष्काळात सापडलेल्या मुली-स्त्रियांना आणून त्यांनी केडगावला मुक्ती सदन उभे केले. १९००च्या सुमारास तिथे जवळपास २,००० जणी राहत होत्या. मुक्ती कोणत्याही पंथाच्या अधीन नव्हते. १९०५ मध्ये तिथे झालेल्या मोठ्या आध्यात्मिक जागृतीत मुलींनी रात्ररात्र प्रार्थना केली, मोठ्याने रडून पापे कबूल केली. बाहेरच्या मिशनऱ्यांत याबद्दल मतभेद झाले; रमाबाईंनी या मुलींना भक्ती आपल्या रीतीने व्यक्त करू द्यावी, अशी बाजू घेतली. शेवटची वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. अडाणी बाईलाही ते स्वतः वाचून समजावे, मध्ये कोणाची गरज पडू नये, हा हेतू. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. मुक्तीतल्या स्त्रियांनीच छापलेले हे बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.

नारायण वामन टिळक यांची कथा आगगाडीत सुरू होते. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना डब्यात भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. त्या गृहस्थाचे नाव टिळकांना पुढे कधीच कळले नाही. डोंगरावरच्या प्रवचनापाशी तेही थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. गोऱ्हे यांनी पूर्वतयारी म्हणून जे तात्त्विक पातळीवर मांडले होते, ते टिळकांनी जगून दाखवले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते उघडपणे सांगत. ‘अभंगांजली’ त्यांनी संतांच्या छंदात लिहिली आणि मंडळीच्या उपासनेला इंग्रजी चालींऐवजी अभंग दिले. मिशनच्या चौकटीत ख्रिस्त परका होऊन बसला आहे, ही त्यांची खंत वाढत गेली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तशिष्यांना त्यात जागा होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि दरबार फार काळ टिकला नाही.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी हीच वाट उलट्या बाजूने पाहिली. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याने त्यांच्यावर आकाश कोसळले. कित्येक वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, आणि एकत्र आल्यावरही सोवळे सांभाळत वेगळी चूल मांडून होत्या. त्यांचे परिवर्तन ग्रंथप्रमाणाने घडले नाही. जात देवाने केली की माणसाने, या एका प्रश्नावर राहुरीत त्या विचार करत राहिल्या. माणसाने केली असे मनाला पटले, तेव्हा कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे त्यांनी ठरवले आणि तसे वागू लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये आला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातला हा भाग मराठी साक्षींत सर्वांत उजळ म्हणावा लागेल, कारण त्यात सिद्धांताचा एकही शब्द न आणता मनाचा तळ ढवळून निघालेला दिसतो.

ही सारी नावे उच्चवर्णीय किंवा शिक्षित घरांतली आहेत, हे विसरून चालत नाही. अहमदनगर जिल्ह्यातल्या आणि मराठवाड्यातल्या मंडळ्या प्रामुख्याने महार आणि मांग समाजांतून उभ्या राहिल्या. १८७६-७८च्या दुष्काळानंतर त्यांची संख्या वाढली. या माणसांपुढे दर्शनांचा गोंधळ नव्हता. देवळाची पायरी चढू न देणारा देव आपला कसा, हा रोकडा प्रश्न होता. त्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. त्यांची साक्ष प्रार्थनासभेत, भजनात आणि ख्रिस्ती कीर्तनात तोंडी राहिली. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी हे ख्रिस्ती कीर्तन घडवले, आणि येशूची आख्याने टाळ-मृदंगावर गावोगाव पोहोचली. मात्र गावातला ख्रिस्ती कोणत्या पंथाचा होणार हे त्या भागात कोणते मिशन आले यावर ठरे. बोस्टनच्या किंवा एडिंबरोच्या जुन्या मतभेदांशी त्याचा काडीचा संबंध नसताना ते मतभेद त्याच्या वाट्याला येत.

रमाबाईंना खटकलेल्या या पंथभेदावर विसाव्या शतकात थोडा उपाय झाला. १९२४ मध्ये प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या उत्तर भारतात एकत्र आल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकनांसह सहा मंडळ्यांचे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, आणि अहमदनगरच्या अमेरिकन, कोकण-पुण्याच्या स्कॉटिश व पंचहौदाच्या अँग्लिकन परंपरा एका छपराखाली आल्या. केडगावचे मुक्ती मिशन पंथांपासून स्वतंत्रच राहिले. रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. तोवर रमाबाईंची ओळख बहुतेकांना १९०७च्या साक्षीतून, म्हणजे वाट सापडल्यानंतरच्या निवेदनातून होती. वाट चाचपडतानाचे त्यांचे प्रश्न त्यांच्या स्वतःच्या शब्दांत सर्व वाचकांसमोर येण्यास त्यांच्या बाप्तिस्म्यापासून जवळजवळ शतक लागले.